सांडलेल्या चहाचे पाट

धुळ्याच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. त्यामुळे विद्वान माणसे माझ्या परिचयाची आहेत. त्यांपैकी एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक. दर बाजाराच्या दिवशी ते माझ्या मेजावर चहा पितात आणि हमखास सांडतात. मग त्यात बोटाने पाट काढून समजावतात, "स्टेरॉइड शरीराच्या सगळ्या वाफ्यांत शिरतं. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. मला ते फक्त मेंदूच्या वाफ्यात सोडायचंय, फेफऱ्यासाठी. सध्या उंदरांना देऊन बघतोय."

एकदा अर्जासाठी आलेल्या शिंदखेड्याच्या आबांनी हे ऐकले. त्यांच्या नातीला फेफरे येई. "उंदरेसले देतस, मंग मन्ही नातले का नही?"

मी तत्काळ जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे विनंती-अर्ज सिद्ध केला. प्राध्यापकांनी तो बाजूला सारला. "आबा, फेफरं थांबतं, पण उंदीर दिवसभर उठत नाही. औषधाचं पाणी अजून शेजारच्या वाफ्यात जातंय. नातीची दवाखान्यातली जुनी गोळी चालू आहे ना?"

आबांनी ती परस्पर बंद केली होती. प्राध्यापक चहा तसाच टाकून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

आता आबा दर बाजारी जुन्या गोळ्यांची पुडी दाखवतात आणि विचारतात, "साहेब, पाणी कोणता वाफामा शे?"

"अजून शेजारच्याच, आबा."

माझ्या व्यवसायात असे उत्तर देणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा आले नसते. आबा येतात.