पार्क स्ट्रीटवर हरवलेला हेरोद

शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये नाताळचं नाटक म्हटलं की हेरोद राजा म्हणजे मी, हे ठरलेलं. कुणी ठरवलं म्हणाल तर मीच. बाळ येशूच्या जन्माची बातमी ऐकून घाबरलेला आणि बेथलेहेमातली तान्ही मुलं मारायचा हुकूम सोडणारा हा राजा. त्याला आवाज लागतो. मी सणसवाडीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला सुपरवायझर होतो, तिथं फोर्कलिफ्टच्या गोंगाटात ओरडून ओरडून आवाज कमावला होता. पोट पुढं आपोआप आलं. मी मुकुट घालून स्टेजवर आलो की पहिल्या रांगेतली लेकरं आयांच्या पदराखाली शिरायची, आणि मी मनात म्हणायचो, जमलं! सणाच्या दिवशी पोरं रडवण्याला मी कला समजत होतो.

माझी बायको मरियम. ती बालवाडीची शिक्षिका होती, आता तीही रिटायर झालीय. माहेर दौंडचं. वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, त्यामुळं बालपण सगळं रुळांशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं. नाताळात मी राजा असायचो तेव्हा ती चर्चच्या मागच्या खोलीत मंडळीसाठी पुलाव करत असायची. माझा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मला वाटायचं, तेवढं पुरेसं आहे.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो, तेव्हा आमचा मुलगा जॉय म्हणाला, "मम्मी-पप्पा, तुम्ही आयुष्यात कुठं फिरला नाहीत. सांगा कुठं जायचं, तिकिटं मी काढतो."

मी लगेच गोवा म्हणालो. मला वाटलं, विचारलंय मलाच.

मरियम शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कलकत्ता. आन् नाताळातच."

आम्ही बापलेक एकमेकांकडं बघत राहिलो. जॉयनं विचारलं, "मम्मी, कलकत्ताच का?"

"लहानपणी हावड्याची गाडी रोज बघायचे. दौंडला थांबायची, लोकं उतरायची, नळावर पाणी भरायची, पळत पळत पुन्हा चढायची. आन् गाडी जायची निघून. शेवटी ती कुठं जाऊन थांबती, ते बघायचंय मला."

"अगं, पण नाटक?" मी म्हणालो.

"जॉयचे पप्पा, राजा एक वर्ष न्हाई आला म्हणून बाळ जन्मायचं थांबणार हाय का?"

मला दुःख झालं. मी दोन दिवस गप्प होतो. ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मग बोलायला लागलो.

नाटकाची जबाबदारी यंदा तरुण संघाच्या नीलमकडं होती. मी तिला घरी बोलावून हेरोद समजावला. मुकुट किती तिरपा, हुकूम सोडायच्या आधी किती थांबायचं, हसायचं कुठून, म्हणजे पोटातून की घशातून. नीलम सगळं ऐकून म्हणाली, "काका, तुम्ही निवांत जा." पोरगी काळजी लपवतेय, असं मला वाटलं.

जवळच्या निमोणे गावच्या जालिंदरची जीप भाड्यानं करून आम्ही दौंडला गेलो. स्टेशनवर मरियमनं मला पूल चढायच्या आधी थांबवलं आणि पलीकडं बोट दाखवलं. तिथं आता क्वार्टर नव्हती, नुसती झुडपं होती. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मी म्हणालो, "चल, गाडी चुकेल." गाडीला अजून बराच वेळ होता.

प्रवासात मी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं की आम्ही पुण्याकडचे, की नाताळाला चाललोय, की आमच्याकडं नाटक असतं. मरियम खिडकीशी बसली होती. नागपूर गेलं, रायपूर गेलं. जेवायला हाक मारली तरच वळायची. हावडा आल्यावर सगळे उतरले, हमाल डब्यात शिरले तरी ती जागची हलेना.

"उतर की आता," मी म्हणालो.

"थांबा. इथनं पुढं जात न्हाई ना ही? शेवटच ना?"

"व्हय, शेवट."

"बरं झालं बाई," असं म्हणून ती उठली.

कलकत्त्यात मी पुढाकार घेतला. म्हणजे मी पुढं चालायचो आणि रस्ता चुकायचो. थंडी फार असेल म्हणून मी माकडटोपी घेतली होती, त्यावरून जॉय मला हसला होता. तिथं पोहोचतो तर माझ्या वयाचा निम्मा गाव माकडटोपीत! तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली होती. कारखान्यात परप्रांतीय कामगारांकडून शिकलेल्या हिंदीच्या जोरावर मी ट्राममध्ये चढलो, कंडक्टरला "ये न्यू मार्केट को जाती ना?" म्हणून विचारलं, त्यानं मान हलवली. ती मान 'नाही'ची होती. ट्राम आम्हाला भलतीकडं घेऊन गेली. मी कपाळावर हात मारला, तर मरियम म्हणाली, "ट्राममध्ये बसायचं होतं ना? बसलो की. कुठं उतरायचं ते आपल्याला ठावं तरी कुठं होतं?" मग तिनं उतरून मातीच्या कुल्हडातला चहा घेतला, कुल्हड धुऊन पिशवीत ठेवला आणि शेजारच्या बाईला विचारून परतीची ट्राम शोधली. त्या बाईला हिंदी येत नव्हतं. मरियमला बंगाली येत नव्हतं. दोघींचं व्यवस्थित जमलं.

नाताळच्या दिवशी सकाळी उपासनेला जाऊन आलो. संध्याकाळी पार्क स्ट्रीटची रोषणाई बघायची होती. हॉटेलातून निघताना मी मरियमला बजावलं, "गर्दी लई असती. मला चिकटून राहायचं. हात सोडलास तर या शहरात सापडायची न्हाईस."

"बरं," ती म्हणाली.

आणि खरंच काय गर्दी! रस्ताभर दिव्यांच्या कमानी, लाल टोप्या विकणारे, केकच्या दुकानांपुढं रांगा. शिरूरचा आठवडे बाजार दहा वेळा भरवला तरी एवढी माणसं जमायची नाहीत. आमच्याकडं नाताळ म्हणजे दोन गल्ल्यांचा सण. इथं जो तो आपलाच सण असल्यासारखा हिंडत होता. मरियम मान वर करून दिवे बघत होती.

आणि माझ्या डोक्यात काय होतं? शिरूरला आता पडदा वर जात असेल. मी फोन काढला. सकाळपासून मी नीलमला इतके फोन केले होते की बॅटरी संपत आली होती. एक कान बोटानं बंद करून, दुसऱ्याला फोन लावून मी भिंतीचा आडोसा शोधत सरकत गेलो. "नीलम, मुकुटाला पिन लाव, नाहीतर हसताना पडतो!" ती म्हणाली, "काका, काका, ऐका ना, हेरोद..." आणि फोन बंद पडला.

वर बघितलं. मरियम नव्हती.

मी हाका मारल्या. कारखान्यात कमावलेला आवाज पूर्ण लावला. बाजूनं जाणाऱ्या पोरांना वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र मी गर्दीत उलटा शिरलो. एवढ्या मोठ्या शहरात माझी बायको एकटी, तिला भाषा येत नाही, आणि मी मूर्खासारखा एका पुठ्ठ्याच्या मुकुटासाठी तिचा हात सोडला. डोळ्यांत पाणी आलं. माकडटोपीनं पुसलं.

चौकात पोलिसांचा मदत कक्ष होता. तिथं जाऊन मी सांगितलं, "मेरी बायको गुम हो गई."

टेबलामागच्या महिला पोलिसानं विचारलं, "मोबाइल है उनके पास?"

"है."

"नंबर बोलिए."

बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. पाठ करायची कधी गरजच पडली नाही, फोनमध्ये नाव दाबलं की लागतो. जॉयचाही पाठ नव्हता. पाठ होता तो एकच, आमच्या कारखान्याच्या गेटचा, तोही जुना. बाईंनी माझा फोन चार्जिंगला लावायला घेतला, तर त्यांच्या चार्जरची पिन माझ्या फोनला बसेना. शेवटी त्या मला बंगालीत आजोबा करून म्हणाल्या, "दादू, आप वहाँ बैठिए. हम अनाउन्स करते हैं."

'वहाँ' म्हणजे एक बाक होता. त्यावर हरवलेली मुलं बसवली होती. मीही त्यांच्यात बसलो. मला त्यांच्यासारखीच एक गोळी मिळाली, संत्र्याची.

लाउडस्पीकरवरून घोषणा झाली. माझं नाव येशुदास रणनवरे. बंगालीत येशूला जीशू म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आख्ख्या पार्क स्ट्रीटवर आवाज घुमला की पुणे जिल्ह्यातून आलेले जीशूदाश हरवलेत, त्यांच्या पत्नीनं मदत कक्षाकडं यावं. मी बाईंना म्हणालो, "मैं नहीं खोया, वो खोई है!" त्या म्हणाल्या, "दादू, वो तो कहीं से नहीं आई. आप आए हैं." बाहेरून कुणीतरी ओरडलं, आज के दिन जीशू ही खो गया! माणसं हसली. मी गोळी चोखत खाली मान घालून बसलो.

शेजारी एक छोटी मुलगी मुसमुसत होती. म्हटलं, हिला जरा हसवावं. मला येतं काय, तर एकच. मी छाती फुगवली, भुवया चढवल्या आणि हेरोदाचं हसू हसलो, पोटातून. मुलीनं असा टाहो फोडला की तिच्यामागोमाग सगळा बाक रडायला लागला. बाई धावत आल्या आणि मला उचलून पलीकडच्या खुर्चीवर एकटं बसवलं. कारखान्यातसुद्धा मला असं कुणी बाजूला काढलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मरियम आली. हातात केकचा खोका होता. चेहरा शांत.

"अगं, कुठं होतीस? जीव गेला असता माझा!"

"तिथं पलीकडं जुनं चर्च हाय ना, तिथं गाणी चालली होती. तुम्ही फोनवर होता, मी म्हटलं जरा आत बसते. काय गायली हो पोरं! एक ओळ कळली न्हाई, पण चाल आपलीच. मीही गायले मराठीतनं. कुणी काही बोललं न्हाई."

"आन् मी जवळ नव्हतो ते कळलं न्हाई?"

तिनं खोका टेबलावर ठेवला. "खरं सांगू? बाहेर आले तवा लक्षात आलं. फोन लावला तर बंद. मग नाव ऐकलं लाउडस्पीकरवर. आधी वाटलं, जीशूदाश दुसरंच कुणीतरी असंल."

महिला पोलीस हसत होती. मरियमनं तिला केकचा तुकडा दिला. मग बाकावरच्या मुलांना दिला. त्या रडणाऱ्या मुलीला तिनं मांडीवर घेतलं, बालवाडीतलं कुठलंसं बडबडगीत म्हटलं, हाताचे हावभाव करून. मुलगी गप्प झाली. तिचे आईबाप येईपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. मी एकटाच खुर्चीवर, मरियम बाकावर. मी पहिल्यांदाच तिला असं काम करताना बघितलं. इतकी वर्षं ती बालवाडीत काय करते, हे मला माझ्या डब्याची वेळ जुळते का, एवढ्यापुरतंच माहीत होतं.

हॉटेलवर फोन चार्ज केला आणि नीलमला लावला. "कसा झाला हेरोद?"

"काका, तेच सांगत होते तुम्हाला. हेरोद काढूनच टाकला आम्ही. लहान पोरं घाबरतात म्हणून पाळकसाहेबच म्हणाले. नाटक आटोपशीर झालं, सगळ्यांना आवडलं."

"कुणी विचारलं का, काका कुठं गेले म्हणून?"

नीलम म्हणाली, "विचारलं ना काका. मरियम काकू कुठं गेल्या, पुलाव कुणी केला, हे सगळ्यांनी विचारलं."

मी फोन ठेवला. मरियमला सांगितलं तेव्हा ती पलंगावर पडून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मीही हसलो. दुसरं काय करणार? हसता हसता मात्र मला आठवलं की भिंतीपलीकडच्या पुलावाला मी कधी हात लावायला गेलो नव्हतो.

वर्षअखेरीला परत आलो. घरात फराळाचा एक कण नव्हता. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच नाताळ असा कोरडा गेला होता. बॅगा उघडतोय तोवर शेजारची सबीना डबा घेऊन आली. तिनं करंज्या आणि शंकरपाळ्या केल्या होत्या. "दर साली तुमच्याकडनं येतं," ती म्हणाली, "पोरं विचाराया लागली, यंदा नाताळ न्हाई का? मग मीच केलं. मरियमताईसारखं जमलं न्हाई."

मी एक करंजी तोंडात टाकली. खुसखुशीत होती, सारण भरपूर. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा! हिच्यापेक्षा भारी झालीय की!"

सबीना पदर तोंडाला लावून घाईनं गेली. मी मरियमकडं बघितलं. म्हटलं, आता खैर नाही.

पण मरियमनं एक करंजी मोडून बघितली, खाल्ली, आणि पाय सोडून खुर्चीत रेलली. "खरंच भारी हाय," ती म्हणाली. "बरं झालं. म्हंजी पुढच्या वर्षी मला करायला नको. तुम्ही तिच्याकडनं शिकून घ्या."

मी हसलो, मला थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. परवा सबीनानं मला मैदा मळायला बसवलं. सैल झाला.