नारायणरावांची किळस

सोनाळ्यात किळस हा शब्द जणू एकट्या नारायणरावांच्या मालकीचा होता. बाकीच्यांना कंटाळा यायचा, फार तर ओकारी. नारायणरावांना मात्र किळस यायची, आणि ती आली की घरानं तिची मानाच्या पाहुण्यासारखी बडदास्त ठेवायची. दुसऱ्याच्या लोट्यातलं पाणी, एसटीतला घामट शेजारी, आमटीवर तरंगणारा कढीपत्ता, कशाचीही. पंचवीस एकर जमीन आणि हे नाक, दोन्ही वडिलोपार्जित, असं ते सांगत.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शेजारच्या दयारामनं परसात गोबरगॅसची टाकी बांधली. नारायणरावांची बायको सरस्वतीबाई तिथली बिनधुराची निळी आग पाहून आली आणि आपल्याकडेही टाकी बांधा म्हणाली. चुलीनं तिचे डोळे पार अधू झाले होते. धुरापासून लांब राहा, नाहीतर डोळे जातील, असं बुलढाण्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

"शेणाच्या गॅसवरची भाकर? मले तं आयकूनच किळस येते," नारायणराव म्हणाले आणि विषय संपला.

त्याच आठवड्यात मारुतीपुढं रोडग्यांची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे या गृहस्थानं राख झटकून पाच हाणले, वर तूप मागून घेतलं. गोवरी म्हणजे वाळलेलं शेणच, हे त्यांना सांगणार कोण? देवाचं शेण वेगळं आणि दयारामचं वेगळं. जेवून ते तृप्त ढेकर देत घरी आले.

सरस्वतीबाईनं आणखी तीन वर्षं चूल फुंकली. शेवटी तव्यावरची भाकरी करपलेली दिसेना, तेव्हा ती गुपचूप दयारामच्या बायकोकडे, गोजरबाईकडे, जाऊन स्वयंपाक करून आणू लागली. महिनाभरानं नारायणराव खुशीत म्हणाले की हल्ली भाकरीला धुराचा वास येत नाही. तिनं खरं ते सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं आणि तोंडाला उपरणं लावलं.

"महिनाभर नाही आली, अन् आताच काऊन आली किळस?" आवाज न चढवता ती म्हणाली. "मले तं तीन वर्षांपासून तुमचीच येऊन राह्यली."

नारायणरावांनी हा शब्द जन्मभर दुसऱ्यांना लावला होता. तो पहिल्यांदाच त्यांना लागला. कुणालाही न विचारता त्यांनी दिवाळीच्या आत टाकी बांधून घेतली. मग आल्यागेल्याला ते हाताला धरून गॅसच्या शेगडीपाशी नेत आणि निळी आग कौतुकानं दाखवत. सरस्वतीबाईला ती पाहायची तर मान वळवावी लागे. डावा डोळा तोवर गेला होता.