हरिचंद्र फिटरचं दोन

“मापाला माया नसते.” हरिचंद्र फिटर हे वाक्य जेवणाच्या पंक्तीतसुद्धा म्हणायचा. अंबरनाथच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं लोखंड घासलं होतं. एकदा शेताचा बांध मोजताना आपलीच बाजू हातभर जास्त निघाली, तर त्याने ती भावाला सोडून दिली. कुळगावात, त्याच्या गावी, अजून ती गोष्ट सांगतात.

नोकरी संपल्यावर तो गावातल्या शाळेत जाऊ लागला. तिथली मुलं स्पर्धेसाठी रोबोट बनवत. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात चंदर शेठच्या दुकानात बसून तो ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकेक पारखून आणी, आणि कानस कशी धरायची ते पोरांची मनगटं धरून शिकवी. हरीकाका म्हणत त्याला.

गेल्या हंगामात संघ पुण्याला गेला. सामन्याआधी रोबोट अठरा इंची चौकटीत मावला पाहिजे, असा नियम. आदल्या दिवशी एक पट्टी चौकटीबाहेर येत होती. नववीतली राजसी कानस घेऊन बसली.

“काका, किती काढू?”

“दोन काढ.”

तिने दोन काढले. तपासणीत रोबोट चौकटीत शिरेना. घासायला वेळ उरला नव्हता. एकही सामना न खेळता संघ परत निघाला.

बसमध्ये राजसी म्हणाली, “मीच चुकीचं ऐकलं असणार.” हरिचंद्र खिडकीशी बसला होता. त्याच्या कारखान्यात दोन म्हणजे दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटरला थोडं वर. सूत हा शब्द तिथे कुणी उच्चारतच नसे, आणि त्यानेही उच्चारला नव्हता. बस सुटायच्या आधीच हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो बोलला नाही. त्यानंतर तो शाळेत येत राहिला, जेवत राहिला, पण हात झोपेत दाबला जावा तसं आतलं सगळं बधिर झालं होतं.

आता नवा हंगाम लागला. शनिवारी सकाळी यंदा रोबोटने खेळायचा खेळ शाळेत पडद्यावर दाखवला. मुलांनी टाळ्या पिटल्या, बाकं वाजवली. हरिचंद्रला नुसती चित्रं हलताना दिसली.

संघ सांभाळणाऱ्या कुंदा मॅडमनी नावनोंदणीचा फॉर्म काढला. “कॅप्टन कोण?”

“राजसी सोडून कोणीपण चालेल,” संघातला सनी म्हणाला. “आणि तिच्या हातात कानस द्यायची नाय हां, मॅडम. ए राजसी, दोन म्हणजे किती गं?”

पोरं खिदळली. राजसीने दप्तर उचललं. “मॅडम, माझं नावच नका लिहू. कॅप्टन नको, काहीच नको.”

हरिचंद्र उभा राहिला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, तीही वाटली नाही.

“सनी, तिचं काही चुकलं नव्हतं. मी सुतात सांगितलं, तिने मिलिमीटर धरले. तुम्हाला शिकवतात तेच तिने धरलं.”

“मग काका, तेव्हाच का नाय बोललात?” सनीचा आवाज खाली आला.

“नाही बोललो.”

“सात महिने मी घरी पण हेच सांगत होते,” राजसी म्हणाली. “की मी चुकले.”

“हो,” हरिचंद्र म्हणाला.

मॅडम गडबडल्या. “काका, बसा तुम्ही. होतं असं माणसाकडून.”

“कॅप्टन म्हणून तिचं नाव लिहा, तिची इच्छा असली तर. मार्गदर्शकाच्या रकान्यात माझं नको.”

“आणि पट्ट्या कोण घासणार?” सनीने विचारलं.

“ती घासेल. माप नीट विचारून घासते.”

त्याने पायात चपला सरकवल्या. मॅडमनी पेन उघडून राजसीकडे पाहिलं, पण राजसी खिडकीशी गेली होती. दप्तर अजून खांद्यावरच होतं. हरिचंद्र मैदान ओलांडून फाटकाबाहेर पडला आणि भिंतीकडेने चालत गेला. ती बघत राहिली. तिने हाक मारली नाही.