खरखर मारली तेव्हा

मला खरखर सहन होत नाही. रविवारी बाबांचा फोन घेऊन बसले आणि ढेकूण चिरडावेत तशी त्यांची जुनी गाणी एकेक मारत सुटले. रेडिओवरून कॅसेटवर, कॅसेटवरून फोनवर आलेली, घसा फाटलेली गाणी. ऐकलं एकही नाही. नुसती नावं जुळवली आणि त्यांच्या जागी क्लाउडवरची लखलखीत गाणी उतरवून घेतली. एकदा हात चालायला लागला की मला थांबता येत नाही. हा स्वभाव आईचा.

"बाबा, आता ऐका. बासरी कशी काळजात घुसते बघा."

बाबांनी त्यांचं आवडतं भावगीत लावलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि मला आठवलं. जुन्या गाण्यात इथे आई होती. माझ्या लहानपणी बाबा रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून हे गाणं उतरवत असताना ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली होती, "बंद करा ते, नाहीतर फोडून टाकीन!" पाठोपाठ पितळी वाटी बाबांच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळली होती. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता, तोही संतापलेला. तो मी माझ्या हाताने ठार केला.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. नेमक्या त्या ओळीला त्यांनी नेहमीसारखी झटकन मान खाली घातली.

वाटी आली नाही. तरी ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.