अक्काचा थायलंडी फराळ

आमच्या घराण्यात आजवर कोणालाही कस्टमवाल्यांनी अडवलेलं नव्हतं. कारण कोणी परदेशी गेलंच नव्हतं.

मी कामरगावचा किराणा दुकानदार. यंदा मसाल्याचा इतका माल खपवला, की कंपनीनं खूश होऊन मला जोडीनं थायलंडची सहल दिली. जोडीनं म्हणजे मी आणि माझी बायको सुनंदा. पण इंझोरीला दिलेली माझी मोठी बहीण शांताक्का म्हणाली, "अन् मी काय घरी बसून तुमचे फोटो पाहू?" मग तिचंही तिकीट काढलं.

अक्का माळकरी. कांदा-लसूणही तिला चालत नाही. सबंध सहलीत ती घरून नेलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी यांवर राहिली. हॉटेलातल्या पाण्याच्या बाटलीकडेसुद्धा ती संशयानंच बघायची! पण शेवटच्या दिवशी बाजारात तिला एका दुकानात सोनेरी, फुगलेलं, कुरकुरीत असं काहीतरी दिसलं.

"बापू, कुरड्याच दिसून राह्यल्या रे! आपल्याले चालते का, इचार त्या बाईले."

मी विचारलं, "व्हेज? व्हेज?" बाई हसली आणि तिनं जोरजोरात मान डोलावली. (ती माझ्या हातातल्या नोटेकडे पाहून हसत होती, हे तेव्हा कळलं नाही.)

सुनंदा पाकीट निरखत म्हणाली, "अवो, याच्यावर डुकराचं चित्र काहून हाय?"

"अवं, ते छाप हाय! मोर छाप उदबत्तीत मोर असते काय? दुकान मी चालवतो का तू?" पाकीट नुसतं हातात धरलं की मी आतला माल सांगतो. (असं मी गावात सांगतो.)

अक्कानं आपल्या सबंध भजनी मंडळाला पुरतील इतकी पाकिटं बॅगेत कोंबली आणि एक विमानात फोडलं. "कुरडईले मागं टाकलं रे बापू!" असं म्हणत तिनं ते संपवूनही टाकलं.

मुंबईला उतरलो. बॅगा यंत्रातून गेल्या आणि अक्काचीच नेमकी बाजूला काढली. साहेब मराठी होते, मोठे अदबशीर. पाकीट उलटंसुलटं करत म्हणाले, "काका, हे काय आहे?"

"कुरड्या, साहेब! प्युअर व्हेज. घ्या ना, खाऊन पाहा!"

साहेबांनी खालच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "काका, हे डुकराचं कातडं आहे, तळलेलं. परवान्याशिवाय मांस आणता येत नाही. सगळं जप्त करावं लागेल."

माझ्या पायाखालची फरशी सरकली! तेवढ्यात मागून अक्का ओरडली, "अगं माय! कोनाच्या बॅगेत मांस हाय? बापू, सरक बाजूले, शिवशीन!"

"अक्का... तुह्याच."

अक्काचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग कसल्याच रंगाचा राहिला नाही. ती पुटपुटली, "मंग इमानात मी काय खाल्लं?"

मी म्हटलं, "थोडंसंच त खाल्लं ना..."

"थोडंसं कायले?" सुनंदा म्हणाली. (खरं बोलायची तिला वाईट खोड आहे.) "तळाचा चुरा बी अक्काबाईंनीच तोंडात टाकला."

अक्का जी नळाकडे धावली, ती चुळा भरून भरून विमानतळाचं पाणी संपवते की काय असं वाटलं! रेल्वेत तिनं तोंड उघडलं नाही. ना बोलायला, ना खायला. मूर्तिजापूरला उतरून जीपमध्ये बसलो, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"बापू, जे झालं ते झालं. पन हे गावात समजलं, त मी भजनात कोन्या तोंडानं बसू?"

"अक्का, तुह्या गळ्याची आन! या कानाची त्या कानाले खबर लागनार नाही."

तशी सुनंदा हळूच म्हणाली, "अवो, पन इमान उतरल्याबरोबर तुमी घरच्या गुरुपवर फोटो टाकला ना? अक्काबाई खाऊन राह्यल्या, तो?"

मी मोबाइल उघडला. अक्काचं हसरं तोंड, हातात पाकीट, पाकिटावर डुक्कर. खाली मी लिहिलेलं, 'अक्काचा फराळ!' आणि त्याखाली पुण्याच्या भाच्याचा प्रश्न, "मामा, पाकिटावर डुक्कर काहून हाय?"

"मिटव ना बाप्पा लवकर!" अक्का किंचाळली. जीपवाल्यानंही दचकून ब्रेक मारला. त्या धक्क्यात मी घाईघाईनं बोट दाबलं. फोटो गेला! मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"कोनाकोनाचा गेला?" सुनंदानं विचारलं.

मी नीट पाहिलं. 'सगळ्यांसाठी हटवा'ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं गेलं होतं.

आता तो फोटो कामरगावात आहे, इंझोरीत आहे, माझ्या अनसिंगच्या सासुरवाडीत आहे. फक्त माझ्याचजवळ नाही.