वैशूच्या भुवया आणि माझा हात

माझ्या धाकट्या बहिणीच्या भुवया मी उडवल्या, असं आमच्या घरातला प्रत्येक माणूस सांगतो. मी त्या सारख्या करत होते, हे मात्र एकहीजण सांगत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही काटेवाडीला राहायचो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका (म्हणजे चार लोक ज्यांना विचारून काम करतात त्यातली), आणि वैशू बारामतीत एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायची. तिला डाळजचं स्थळ आलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात, आमच्याच बौद्ध समाजातला, शांत. त्याचे वडील नव्हते, सगळा कारभार त्याच्या आईच्या हातात. रविवारी बघायला येणार होते. बुधवारी संध्याकाळी वैशू म्हणाली, "आक्का, उद्या क्लास सुटला की पार्लरमधी जाऊन येते. आयब्रो करायच्यात."

माझं डोकंच फिरलं. बारामतीत तेव्हा पार्लरं नुकतीच निघाली होती. दाराला पडदा, पडद्याआड एक खुर्ची, एक आरसा आणि एक बाई. ती बाई करते काय, तर दोऱ्यानं केस उपटते. आपण आपल्या पायांनी चालत जायचं, नंबर लावून बसायचं, केस उपटून घ्यायचे आणि वर तिलाच थँक्यू म्हणायचं!

"दोरा आपल्या घरात पण हाय," मी म्हटलं.

"आक्का, ते शिकावं लागतं. सहा महिन्यांचा कोर्स असतो."

"केस उपटायला सहा महिने? मी सात वर्षं शाळेच्या गॅदरिंगचा मेकअप करतेय."

हे खरं होतं. (त्या सात वर्षांत मी फक्त मिशा चिकटवल्या होत्या. केस काढायची वेळ आली नव्हती. पण उलटं काम सोपंच असणार, असा माझा अंदाज.)

वैशूला खिडकीशी पाटावर बसवलं. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत, मध्ये पीळ. पहिल्या ओढीला वैशू ओरडली. दुसऱ्या ओढीला मी, कारण दोरा माझ्याच ओठात रुतला. एकही केस जागचा हलला नाही. मग मी अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दाढीच्या सामानातून नवं ब्लेड काढलं आणि त्याचे दोन तुकडे केले.

"ब्लेड नगं, आक्का."

"डोळे मीट आणि गप बस."

उजवी भुवई खरोखर सुरेख झाली. आजही मी हे छातीवर हात ठेवून सांगते. फक्त तिच्यापुढं डावी जरा जाड दिसायला लागली. म्हणून डावी बारीक केली. ती उजवीपेक्षा किंचित जास्त बारीक झाली. मग उजवीला हात लावणं भाग पडलं. उजवी शेपटीकडून आखूड झाली, तेव्हा डावीची शेपटी कशाला ठेवायची? दर वेळी मी दोन पावलं मागं सरून बघायची, आणि दर वेळी कुठली तरी एक जास्त दिसायची.

"झालं का?" डोळे मिटूनच वैशूनं विचारलं.

"होतंय. हलू नकोस."

होता होता अशी वेळ आली, की एका बाजूला नाकाजवळ गव्हाएवढा पुंजका उरला होता आणि दुसऱ्या बाजूला तेवढाही नव्हता. आता सारखं करायला फक्त तो पुंजका काढणं बाकी होतं. मी तोही काढला. निदान काम अर्धवट सोडलं, असं तरी कुणी म्हणणार नव्हतं.

वैशूनं आरसा बघितला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं आरसा पदरानं पुसून पुन्हा बघितला. तेवढ्यात आई आत आली आणि जागच्या जागी थबकली.

"हिचं त्वांड असं उघडं उघडं का दिसतंय गं?"

मी सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. अण्णा बाहेरून म्हणाले, "रविवारपतुर येत्याल की उगवून. मेथी येती चार दिसांत."

"मेथी हाय व्हय ती?" आई कडाडली. माझ्याकडं वळून म्हणाली, "लेकीच्या जातीला शिकवलं, मास्तरीण केलं, आन् ही असली अक्कल!"

आईनं एरंडेल तेल चोळायला घेतलं. तेल चोळून होतंय तोवर शेजारचे तात्या आले. गल्लीत फोन त्यांच्याच घरी होता. "डाळजवरनं फोन आलाय. पोरगं शनवारी ट्रेनिंगला चाललंय. रविवारी न्हाय, उद्या तीन वाजता येत्यात."

अण्णांनी मेथीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशूच्या डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून आम्ही जीपनं बारामती गाठली. पार्लरच्या मॅडमनी पदर वर केला.

"कुणी केलं हे?"

"शेजारची एक बाई आहे," मी म्हटलं.

"हिनं," वैशू म्हणाली.

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"मी कधी येते का तुमच्या शाळेत पाढे शिकवायला?"

मला राग आला. अजूनही येतो. पण बाईचा हात बघण्यासारखा होता. पेन्सिलीनं एकेक केस ओढावा तशा बारीक रेघा मारत तिनं अर्ध्या तासात दोन भुवया उभ्या केल्या. निघताना बजावलं, "घाम येऊ देऊ नका. कपाळाला हात लावायचा नाही."

तीन वाजता पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. सव्वातीनला लाइट गेली. पंखा थांबला. वैशू पोह्यांच्या बशा घेऊन आली, समोर बसली, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब जमायला लागले. मी वहीच्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होते. मुलाच्या आईनं विचारलं, "सैपाक येतो का?" वैशूनं "व्हय" म्हणत सवयीनं मनगट कपाळावरून फिरवलं.

डावी भुवई कानापर्यंत गेली.

मामांचा चमचा तोंडाशी थांबला. मी घाईनं म्हटलं, "टायपिंगच्या रिबिनीची शाई हो. सारखी लागते."

"शाई न्हाय," वैशू म्हणाली. तिनं पदरानं दुसरी बाजूही पुसून टाकली आणि मान वर केली. "मला भुवया न्हाईत. आक्कानं काल ब्लेडनं काढल्या. येतील महिन्याभरात. आधीच्या बऱ्या व्हत्या."

मुलानं तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. त्याच्या आईनं वैशूला नीट न्याहाळलं, मग शांतपणे विचारलं, "आक्का कोनची?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अण्णांनीसुद्धा.

"पोरगी खरं बोलती," मुलाची आई म्हणाली. "आमाला पसंत हाय. भुवया काय, येत्याल. फकस्त ह्या बाईंना लगीन हुईस्तवर पोरीच्या जवळ जाऊ देऊ नका."

त्या पोरीचं लग्न माझ्यामुळं जमलं, असं मी म्हटलं की घरात अजून भांडण होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याच मॅडम काटेवाडीला आल्या. वैशूच्या भुवया तोवर आल्या होत्या. पांढऱ्या साडीत, टोकदार कोरलेल्या भुवयांची वैशू इतकी देखणी दिसत होती की मी दारातूनच बघत उभी राहिले. (आत जायला मला बंदी होती.) मॅडमना बहुधा माझी दया आली. म्हणाल्या, "या बाई, तुमच्याही करून देते. खुर्चीत बसा, डोळे मिटा आणि बोलू नका."

मी बसले. डोळे मिटले. उजवी झाली, जराही दुखलं नाही. डावी निम्मी झाली असेल, तेव्हा मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की दोरा जरा तिरका धरला तर लवकर होईल, आणि कसा धरायचा ते दाखवायला हात वर केला.

माझी डावी भुवई मधोमध अजून तुटलेली आहे. पण ती चूक मॅडमची होती.