बोंबलांच्या दोरीवरची गोधडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. देवीपुढे उभी राहते तेव्हा बाकीचं सगळं बोलते — एवढं सोडून.

चिंचणीत आमच्या आळीत माझं नाव आहे. कुणाचं पोर अंथरूण ओलं करायला लागलं की आई माझ्याकडे येते. तुझ्या भाचीचं कसं थांबवलंस गं? मी सांगते, ओरडू नका, माया लावा. सांगताना जीभ अडखळत नाही. सवय झालीय.

वैजू माझ्या धाकट्या बहिणीची, लताची मुलगी. लताचा नवरा घर सोडून गेला, तिने तारापूरला कंपनीत शिफ्टचं काम धरलं. पोर ठेवायची कुठे? माझ्याकडे. सात वर्षांची होती, आणि आल्यापासून रोज अंथरूण ओलं. लता रडवेली झाली, म्हणाली, ताई, तूच काहीतरी कर. मी म्हटलं, बघच, कशी सरळ करते. आहेच मी तशी — तोंडाने पुढे.

आणि केलं काय? आमच्या दारापुढे, शाळेच्या वाटेला लागून, बोंबील वाळवायच्या दोऱ्या आहेत. जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने बोंबील टांगायचे. कपड्यांची दोरी मागे विहिरीपाशी होती की! पण वैजूची गोधडी मी बोंबलांच्या दोरीवर टाकायची. शाळेतली पोरं थांबून बघायची. बायका विचारायच्या, आज हे काय वाळत घातलंस? मी म्हणायची, आमचा ओला बोंबील. सगळ्या हसायच्या. मीही हसायची. शाळेत तिला तेच नाव पडलं. दप्तर पाठीला लावून ती त्याच गोधडीखालून वाकून जायची.

थांबलं मात्र. गोधडी कोरडी राहायला लागली. लताने अक्षरशः माझे पाय धरले.

तुम्ही म्हणाल, बाई कजाग खरी, पण एवढं काय त्यात? थांबा. खरं अजून सांगितलेलंच नाही.

एका दुपारी वैजू शाळेतून आली. मी ओट्यावर बोंबील निवडत होते. ती घराच्या कडेला गेली, पाण्याची बाटली माडाच्या बुडाशी उलटी केली. भरलेली होती — सकाळी मीच भरून दिलेली. मग ओला हात ओठांवरून फिरवला आणि घरात आली. जेवताना तिचा तांब्या तसाच भरलेला असायचा, तेही मला दिसत नव्हतं का? ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात? मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी गप्प बसले. का? गोधडी कोरडी होती म्हणून. आळीत माझं कौतुक चाललं होतं म्हणून.

दिवाळी सरली आणि तिला ताप चढला. लघवीला बसली की कळवळायची. डहाणूला डॉक्टरांकडे नेलं, लताही होती. त्यांनी विचारलं, पाणी पिते का ही? लताने माझ्याकडे पाहिलं.

"पिते की," मी म्हटलं. "तांब्येच्या तांब्ये पिते."

डॉक्टरांनी वैजूला विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. मावशी देते."

एवढ्याशा पोरीने मला सांभाळून घेतलं.

पाणी पिते, तर मग हे का होतंय? डॉक्टरांना उलगडेना. औषधाने ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मग वापीला नेलं. सुया, सोनोग्राफी, नळी घालून तपासणी — तिचा आरडाओरडा बाहेर बाकावर ऐकू यायचा. मी तिथेच बसलेली असायची. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. लता रजा टाकून दमली, मी नाही बोलले. शेवटी सांगितलं, एक किडनी कायमची अधू झालीय. लता म्हणते, पोरीचं नशीब. मी मान हलवते.

वैजू आता कॉलेजला जाते, तारापूरला आईकडे राहते. लता सांगते, घरी घटाघटा पाणी पिते, डॉक्टरांनी बजावलंय तसं. यंदा शिमग्याला आमच्याकडे आली होती. उन्हातून आलेली, म्हणून मी ग्लास भरून दिला. तिने तो ओठांना लावला, "बरं वाटलं, मावशी," म्हणाली आणि खाली ठेवला.

ती गेल्यावर बघितलं, ग्लास तसाच भरलेला. मी तो नेऊन माडाच्या बुडाशी ओतला.